स्वतंत्रपूर : भिंतीविना शिक्षा

आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर सरकारदरबारी तुरुंग म्हणूनच नोंदलेले आहे. तेथे राहणाऱ्या प्रत्येक बंद्याला न्यायालयाने दोषी ठरवलेले असते, त्याची शिक्षा लांब मुदतीची असते आणि त्याची हजेरी घेतली जाते. तरी या तुरुंगाला तट नाही. बंदी बायकामुलांसह स्वतःच्या खोलीत राहतो, दिवसभर शेतात किंवा मजुरीवर राबतो, संध्याकाळी त्याच खोलीत परत येतो, आणि त्याची मुले गावातल्या इतर मुलांसारखी शाळेत जातात. औंध संस्थानात १९३९ साली सुरू झालेली ही वसाहत संस्थान संपल्यावरही टिकली. शिक्षा भोगत असतानाच माणूस पुन्हा उभा कसा राहतो, हे समजून घ्यायचे तर पश्चिम महाराष्ट्रात यापेक्षा चांगले ठिकाण नाही.

ही वसाहत कोणत्या मुलखात उभी राहिली, ते आधी पाहू. सातारा जिल्ह्यात उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. तेथून मसूरच्या बाजूने पूर्वेला निघाले की उसाचा हिरवा पट्टा हळूहळू मागे पडतो, जमीन उघडी होते आणि पुढे माणदेश लागतो. पाऊस कमी, माती हलकी आणि माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी. खिल्लार जनावरे आणि मेंढ्या यांच्यावर इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दिवस काढले. उंब्रज-कराडचा मुलूख इंग्रजी अमलात होता; माणदेशातल्या आटपाडीवर मात्र औंधच्या पंतप्रतिनिधींचे राज्य होते. या संस्थानात अवघी ७२ गावे होती आणि तीही सलग नव्हती. औंध, किन्हई, कुंडल, आटपाडी आणि विजापूरकडचे गुणदाळ असे तुकडे एकमेकांपासून दूर विखुरलेले होते. एवढ्या छोट्या, तुटक आणि दुष्काळी राज्यात जे घडले, ते मोठ्या संस्थानांना जमले नाही.

१९०९ पासून गादीवर असलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक होते. माणसाला काम आणि शिस्त मिळाली की तो बदलतो, यावर त्यांचा विश्वास होता. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळचे ओसाड माळरान दिले. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले होते. ज्यांना गावात कोणी दारात उभे करत नव्हते, त्यांच्यावर कारखान्याच्या मालमत्तेची राखण सोपवलेली होती. स्वतंत्रपूर पुढे जवळजवळ तीस वर्षांनी झाले, पण त्यामागचा विचार औंधच्या मातीत आधीच रुजलेला होता.

नोव्हेंबर १९३८ मध्ये बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची नवी राज्यघटना अमलात आली. गावपंचायत, तिच्यावर तालुका समिती आणि वर विधिमंडळ अशी तिची रचना होती. घटनेसाठी महात्मा गांधींचा सल्ला घेतलेला होता. राजाचे चिरंजीव अप्पासाहेब पंत नुकतेच विलायतेतून शिकून आले होते, ते या कामात पुढे होते. त्यांच्या जोडीला होता मॉरिस फ्रीडमन. हा पोलंडचा इंजिनिअर बंगळूरच्या सरकारी वीज कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर काम करत होता. ते सोडून तो खादी नेसून खेड्यात आला आणि भारतानंद या नावाने ओळखला जाऊ लागला. सूत कातण्यासाठी त्याने बनवलेली धनुष तकली गांधींच्या आश्रमातही वापरात आली. पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणून त्यांना जगभर पोचवणारा तो हाच फ्रीडमन. यंत्राचा बिघाड कोठे आहे ते शोधायचे आणि तो भाग दुरुस्त करायचा, अशी त्याची इंजिनिअराची नजर होती. तीच नजर त्याने तुरुंगाकडे वळवली.

त्या काळचा तुरुंग म्हणजे बेड्या, खडी फोडणे, चक्की आणि काथ्या. १८९४ च्या तुरुंग कायद्याने हिंदुस्थानभर हीच चौकट घातलेली होती. १९१९-२० च्या तुरुंग समितीने सुधारणा हाही शिक्षेचा हेतू असल्याचे मान्य केले, पण बराकींमध्ये फारसा फरक पडला नाही. शेजारच्या मुंबई इलाख्यात सोलापूरसारख्या ठिकाणी गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना तारेच्या कुंपणाआड ठेवलेले होते. त्यांतल्या असंख्य लोकांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता, जात हाच त्यांचा गुन्हा होता, आणि तो कायदा देशभरातून जायला १९५२ उजाडले. हे लक्षात घेतले म्हणजे औंधच्या निर्णयाचे वजन कळते. गुन्हा सिद्ध झालेल्या कैद्यांना कुंपणाबाहेर काढून आटपाडीजवळच्या माळावर वसवले गेले आणि त्या वस्तीला नाव दिले स्वतंत्रपूर. तुरुंगाला असे नाव देणाऱ्यांचा हेतू नावातच स्पष्ट होता.

बंद तुरुंग माणसाकडून नेमके काय काढून घेतो, ते पाहिल्याशिवाय या वसाहतीचे काम कळत नाही. हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य जाते, ते उघड दिसते. ज्यांनी आत वर्षे काढली त्यांना त्याहून जाचतात त्या लहान गोष्टी. कधी उठायचे, कधी जेवायचे, दिवा कधी विझवायचा, यातले काहीही स्वतः ठरवायचे नसते. दार आपण उघडायचे नसते. दहा वर्षे एकही निर्णय न घेतलेला माणूस बाहेर आल्यावर एसटीचे तिकीट काढतानाही गोंधळतो. दुसरी झीज नात्यांची. सातारा-सांगलीकडच्या माणसाला शिक्षा लागली की त्याची रवानगी बहुधा कोल्हापूरच्या कळंब्याला किंवा पुण्याच्या येरवड्याला होते. भेटीला यायचे म्हणजे घरच्यांचा मजुरीचा दिवस बुडतो, गाडीभाडे जाते आणि हाती लागतात जाळीपलीकडची थोडी मिनिटे. पहिल्या वर्षी आई, बायको, भाऊ सगळे येतात. मग फेऱ्या लांबतात. मूल बापाला ओळखेनासे होते. अनेकांची उमेद तेथे संपते. तिसरी गोष्ट मिळकतीची. घर चालवणारा हात घरावरचा बोजा होतो, आणि ही जाणीव त्याला आत स्वस्थ बसू देत नाही.

स्वतंत्रपूरने या तीनही ठिकाणी हात घातला. बंद्याला खोली मिळते आणि तिची किल्ली त्याच्याच कमरेला असते. बायको-मुले सोबत असतात, त्यामुळे भेटीची वाट पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. तो शेती करतो, भाजीपाला पिकवतो, माल बाजारात नेतो, बाहेर मजुरीलाही जातो, आणि येणाऱ्या पैशांत संसार चालवतो. रेशन संपले, पोराला वही हवी, पाऊस लांबला, बायको आजारी पडली, या सगळ्या चिंता त्याला परत मिळतात. चिंता परत मिळणे हे वरकरणी विचित्र सुख वाटेल, पण कोणासाठी तरी आपण लागतो ही भावना तिच्यातूनच येते. उपदेशाच्या शंभर व्याख्यानांनी जे होत नाही, ते शाळेची फी भरण्याच्या तारखेने होते.

बंधन मात्र पूर्ण सुटत नाही. हजेरी चुकवता येत नाही, ठरलेली हद्द ओलांडता येत नाही, दारू आणि भांडणतंटा चालत नाही. नियम मोडला तर बंद तुरुंगात परत जावे लागते. पळून जाणे अवघड नसते, आणि नेमके हेच या व्यवस्थेचे मर्म आहे. रोज पळता येत असताना न पळणे हा त्या माणसाने रोज घेतलेला निर्णय असतो. गुन्हा घडला त्या क्षणी जो ताबा सुटला होता, त्याच ताब्याचा हा सराव आहे. या भागातले खुनाचे कितीतरी खटले बांधाच्या वादातून, पाण्याच्या पाळीतून, भाऊबंदकीतून उभे राहतात. रागाच्या एका क्षणी कुऱ्हाड उचलली जाते आणि दोन घरे उद्ध्वस्त होतात. अशा माणसाला पुन्हा शेतात, पुन्हा शेजाऱ्यांमध्ये, पुन्हा पाणी वाटून घेत जगायला लावणे, ही त्याची खरी परीक्षा आणि खरे शिक्षणही. मारल्या गेलेल्या माणसाच्या घरचे दुःख यामुळे कमी होत नाही, आणि ते विसरून सुधारणेची भाषा बोलणे अन्यायाचे ठरेल. पण शिक्षा संपल्यावर तो माणूस त्याच गावच्या वेशीतून आत येणार असतो. तो कसा होऊन येतो, याची काळजी गावालाही असायला हवी.

या माळावरची गोष्ट देशभर पोचवली ती माणदेशाच्याच एका लेखकाने. ग. दि. माडगूळकरांचा जन्म १९१९ साली शेटफळे येथे झाला. त्यांचे बालपण माडगुळ्यात आणि शिक्षण औंधला झाले. ही सगळी गावे औंध संस्थानातली. त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. एक तुरुंगाधिकारी खुनाच्या गुन्ह्यातील सहा कैद्यांना ओसाड जमिनीवर घेऊन जातो आणि त्यांच्या हातून शेत उभे करतो, अशी त्याची कथा आहे. अधिकाऱ्याची भूमिका शांतारामबापूंनी स्वतः केली, आणि बैलाबरोबरच्या प्रसंगाच्या चित्रीकरणात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. भरत व्यासांनी लिहिलेली आणि वसंत देसाईंनी स्वरबद्ध केलेली त्यातली प्रार्थना पुढे असंख्य शाळांत रोज म्हटली जाऊ लागली. तिचे मूळ तुरुंगाच्या गोष्टीत आहे, हे ती म्हणणाऱ्या बहुतेक मुलांना ठाऊक नसते. चित्रपट आणि वसाहत यांत एक फरक मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पडद्यावरच्या सहा जणांना धरून ठेवते ती एका थोर माणसाची नजर. तो माणूस गेला तरी नजर मागे उरते. स्वतंत्रपुरात नजर धरून बसणारा कोणी महात्मा नसतो. अधिकारी येतात, बदलून जातात. बंद्याला धरून ठेवते ती त्याच्या चुलीवर शिजणारी भाकरी. चित्रपटासाठी पहिली गोष्ट अधिक भव्य आहे. व्यवस्था म्हणून टिकते ती दुसरी.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. आटपाडी आधी दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली, आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. संस्थानांबरोबर त्यांच्या कितीतरी संस्था बुडाल्या. स्वतंत्रपूर राज्याच्या तुरुंग खात्याने चालू ठेवले. दरम्यान जगातही हा विचार पुढे सरकत होता. स्वित्झर्लंडमधील विट्झविल येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच कैद्यांकडून मोकळी शेती करून घेतली जात होती. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेत संयुक्त राष्ट्रांनी खुल्या तुरुंगांची शिफारस केली. त्याआधीच उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांनी धरणांच्या कामावर कैद्यांच्या खुल्या छावण्या सुरू केल्या होत्या. राजस्थानात सांगानेरची खुली छावणी १९६३ पासून चालते. तेथेही बंदी कुटुंबासह राहतात आणि बाहेर कामाला जातात. महाराष्ट्रात येरवडा, पैठण आणि इतर काही ठिकाणी खुली कारागृहे झाली. तेथे बंदी शेतीवर काम करतो, त्याला बंद तुरुंगापेक्षा जास्त माफी मिळते, म्हणजे त्याच्या कष्टाने शिक्षेचे दिवस घटतात. पण कुटुंब तेथे सोबत नसते. त्या बाबतीत आटपाडी वेगळीच राहिली.

खुल्या वसाहतीपर्यंत पोचण्याची वाट बंद तुरुंगातूनच जाते. शिक्षेचा ठरावीक भाग आधी आत काढावा लागतो, वर्तणूक चांगली असावी लागते, शरीर कामाला धड असावे लागते. संचित रजेवर (फर्लो) किंवा अभिवचन रजेवर (पॅरोल) घरी गेलेला बंदी ठरल्या दिवशी स्वतःहून परत आला की नाही, हे फार बारकाईने पाहिले जाते, कारण विश्वासाची ती पहिली पावती असते. निवड समिती नावे ठरवते. सराईत गुन्हेगार, पूर्वी पळालेले आणि काही गंभीर प्रकारच्या गुन्ह्यांतले बंदी वगळले जातात. त्यामुळे ज्याला आशा धरायची आहे, त्याला ती आधी बराकीतच धरावी लागते.

बराकीत हाताशी असते ते मुख्यतः शिक्षण आणि काम. या बाबतीत कराड तालुक्याचा एक धागा आहे. २६ जानेवारी १९३२ च्या झेंडा फडकवण्याच्या प्रकरणात कराडच्या टिळक हायस्कूलचा एक विद्यार्थी पकडला गेला आणि त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. घरची गरिबी, वडील लहानपणीच गेलेले, मॅट्रिक अजून व्हायची. येरवड्याच्या कॅम्प जेलमध्ये त्याला वाचायला पुस्तके आणि चर्चेला मोठी माणसे मिळाली. सुटून आल्यावर तो मॅट्रिक झाला, पुढे वकील झाला आणि १९६० साली महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. यशवंतराव चव्हाणांनी 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात त्या तुरुंगवासाचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. त्याच १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली.

या उदाहरणांचा अभिमान खरा आहे, पण ती जशीच्या तशी सामान्य कैद्याला लावता येत नाहीत. सत्याग्रही तुरुंगात गेला तेव्हा गावाने त्याच्या गळ्यात हार घातला. खुनाच्या गुन्ह्यात आत गेलेल्या माणसाची मान खाली असते, त्याच्या मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागतात, आणि बराकीत त्याच्या शेजारी आचार्य नसतो. त्याला उभे राहण्यासाठी शिडी लागते, आणि तिच्या पायऱ्या लहान असाव्या लागतात. पहिली पायरी म्हणजे घरी स्वतःच्या हाताने पत्र लिहिता येणे. मग सातवी-दहावीची परीक्षा. मग पदवी. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले मुक्त विद्यापीठ यशवंतरावांच्याच नावाचे आहे, आणि महाराष्ट्राच्या तुरुंगांत त्याची अभ्यासकेंद्रे चालतात. बंद्याने परीक्षा पार केली तर त्याला विशेष माफी मिळू शकते. येरवड्यात शिकलेल्या मुलाच्या नावाने आज येरवड्यातली माणसे पदवी घेतात, ही गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे.

काम म्हणजे सुतारकाम, हातमाग, शिवण, बेकरी, शेती. मजुरी तुटपुंजी असते, पण बंदी त्यातले पैसे घरी पाठवू शकतो. पोस्टाने आलेली ती रक्कम कितीही लहान असली तरी घरात तिचा अर्थ मोठा असतो. अलीकडे मुलांना बापाला किंवा आईला जाळीशिवाय भेटता यावे म्हणून 'गळाभेट' नावाचा उपक्रम राज्यातल्या तुरुंगांत होतो. वर्षातल्या एखाद्या दिवशी मूल मांडीवर बसते. स्वतंत्रपुरात जे रोजचे आहे, त्याची ही एका दिवसाची झलक.

मर्यादाही मांडल्या पाहिजेत. देशातल्या दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन जण न्यायाधीन आहेत, म्हणजे त्यांचा खटलाच अजून निकाली निघालेला नाही. त्यांना खुली वसाहत नाही, माफी नाही, सुटकेची तारीखही नाही. तारीख नसलेल्या माणसाला उमेद धरायला सांगणे कठीण असते. त्याच्यासाठी पहिली सुधारणा म्हणजे खटला वेळेवर चालणे. १९८० च्या दशकात न्यायमूर्ती मुल्ला समितीने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानेही खुल्या तुरुंगांच्या विस्ताराचा आग्रह धरला, पण विस्तार फार संथ झाला. खर्च हे त्याचे कारण असू शकत नाही, कारण तट, बुरूज आणि पहारा यांवरचा खर्च खुल्या वसाहतीत वाचतो. अडते ती भीती. एखादा बंदी पळाला तर अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. शंभर जण सुधारून घरी गेले तर त्याची दखल कोणी घेत नाही. हा हिशेब बदलल्याशिवाय स्वतंत्रपुरांची संख्या वाढणार नाही.

सुटकेनंतरचा भागही बहुतेक वेळा अंगावर येतो. घर पडलेले, जमीन भावाच्या ताब्यात, आणि चारित्र्याचा दाखला मागणारी नोकरी. किर्लोस्करवाडीने शंभर वर्षांपूर्वी जे धाडस केले, ते करणारे मालक आजही मोजकेच आहेत. वसाहतीतून सुटलेल्याची अवस्था त्यातल्या त्यात बरी असते, कारण त्याचा संसार मोडलेला नसतो आणि हाताला कामाची सवय असते.

स्वतंत्रपूर आजही चालू आहे. कुटुंबासह राहण्याची अशी खुली वसाहत महाराष्ट्रात ही एकच असून तिची क्षमता २८ बंद्यांची आहे.